भार जमिनीपर्यंत कसा पोहोचतो

घराच्या स्लॅबमधली सळई पाहायची असेल तर काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी बांधकामावर जावे. खोलीच्या मधल्या भागात सळयांची जाळी सेंट्रिंगच्या पत्र्यापासून जेमतेम २० मिलिमीटर वर ठेवलेली दिसते. खाली कव्हर ब्लॉक असतात, म्हणून ती तेवढी तरी वर असते. बाल्कनीकडे आले की मुख्य सळया वरच्या बाजूला चढतात आणि त्यांना खालून सळईच्याच वाकवलेल्या घोड्या टेकू देतात. स्लॅब एकच, माल एकच, मग सळई इथे तळाशी आणि तिथे वर का? या प्रश्नाचे उत्तर ज्याला न अडखळता देता येते, त्याला सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पदवीतला गाभा समजला असे मी मानतो.

उत्तर घरबसल्या पडताळता येते. एक लांबट खोडरबर घ्या, त्याच्या कडेवर पेनाने उभ्या समांतर रेघा ओढा आणि तो दोन टोकांवर टेकवून मध्ये बोटाने दाबा. खालच्या बाजूला रेघांमधले अंतर वाढते, वरच्या बाजूला घटते. म्हणजे तळ ताणला जातो आणि माथा दाबला जातो. आता तोच खोडरबर एका टोकाला घट्ट धरा आणि मोकळे टोक खाली दाबा. या वेळी माथा ताणला जातो. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढीच असते. म्हणून जिथे ताण तिथे लोखंड. खोलीचा स्लॅब दोन्ही बाजूंनी टेकलेला, त्याचा तळ ताणात. बाल्कनी एकाच बाजूने धरलेली, तिचा माथा ताणात. शिवाय लांबी आणि भार सारखाच असला तरी एका टोकाने धरलेल्या तुळईवर येणारा वाकवणारा जोर, दोन टोकांवर नुसत्या टेकलेल्या तुळईच्या चौपट असतो. हे चौपट ज्याला उमगले, तो बाल्कनी आणखी फूटभर पुढे काढण्याची मागणी आली की आधी कागद-पेन्सिल घेतो.

आणि इथेच धोका असतो. काँक्रीट ओतताना मजूर त्या वरच्या सळयांवरून घमेली घेऊन ये-जा करतात. घोड्या कमी असतील तर सळया पायाखाली दबून खाली बसतात. समजा सळई बाल्कनीच्या खालच्या पृष्ठभागापासून १०० मिलिमीटरवर हवी होती आणि ती ७०वर आली. वाकण्याला तोंड देण्याची स्लॅबची क्षमता साधारण ३० टक्क्यांनी गेली. वरून काहीही दिसत नाही. प्लास्टर होते, रंग लागतो, कुंड्या मांडल्या जातात. न दिसणारी गोष्ट आकड्याने पाहायची सवय लावणे, हेच या शिक्षणाचे काम.

महाराष्ट्रात हे शिक्षण जुने आहे. रुरकीला १८४७ मध्ये अभियांत्रिकीचे महाविद्यालय निघाले आणि १८५४ मध्ये पुण्यात सार्वजनिक बांधकामासाठी माणसे तयार करणारा वर्ग सुरू झाला. त्याचेच पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. तेव्हापासून अभ्यासक्रम कितीतरी वेळा बदलला, संगणक आले, पण क्रम फारसा हललेला नाही. पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, आरेखन आणि यांत्रिकी. दुसऱ्या वर्षी पदार्थांची ताकद, सर्वेक्षण, द्रवयांत्रिकी. पुढे माती, पाणी, रस्ते, आरसीसी आणि पोलादाचे आरेखन, आणि शेवटी अंदाजपत्रक, निविदा, प्रकल्प.

पहिल्या वर्षीच्या यांत्रिकीत एक सवय अंगी बाणवली जाते. कोणतीही वस्तू, मग ती शिडी असो, कमान असो की पुलाचा खांब, तिच्या भोवतालापासून कागदावर मोकळी करायची आणि तिच्यावर येणारे प्रत्येक बल बाणाने दाखवायचे. वस्तू स्थिर असेल तर सगळ्या बलांची बेरीज शून्य आलीच पाहिजे. एखादा बाण राहून गेला की गणित जुळत नाही. मुलांना हा विषय कोरडा वाटतो, मार्क मिळाले की ते तो विसरतात. वास्तविक इमारतीकडे पाहण्याची नजर इथेच तयार होते. गच्चीवरच्या टाकीचे वजन स्लॅबवर, स्लॅबचे तुळईवर, तुळईचे खांबावर, खांबाचे पायावर आणि पायाचे मातीवर. भार कुठेही गायब होत नाही. तळमजल्यावर दुकान काढायचे म्हणून कोणी मधली भिंत किंवा खांब तोडतो, तेव्हा त्याच्या मनात ही साखळी नसते. भार आपली वाट बदलतो आणि ज्याच्यावर तो यायला नको होता त्याच्यावर जाऊन बसतो.

सर्वेक्षण हा माझ्या मते या पदवीतला सर्वांत सुंदर विषय आहे, आणि सर्वांत दुर्लक्षितही. लेव्हलिंगचा साधा प्रयोग पाहू. ज्या बिंदूची उंची पक्की माहीत आहे त्यावर एक जण खुणांची पट्टी, म्हणजे स्टाफ, उभी धरतो. दुसरा दुर्बिणीतून वाचन घेतो. मग स्टाफ पुढे जातो, पुढचे वाचन, मग उपकरण पुढे जाते. असे करत किलोमीटरभर अंतर तोडायचे आणि पुन्हा माहीत असलेल्याच बिंदूवर यायचे. फील्ड बुकात मागच्या वाचनांची बेरीज, पुढच्या वाचनांची बेरीज, चढांची बेरीज, उतारांची बेरीज मांडायची. पहिल्या दोन बेरजांमधला फरक, नंतरच्या दोन बेरजांमधला फरक आणि पहिल्या व शेवटच्या उंचीतला फरक हे तिन्ही आकडे एकच आले पाहिजेत. आले नाहीत तर बेरीज-वजाबाकी चुकली.

पण ते तिन्ही जुळले म्हणून मोजणी बरोबर असे नाही. निघालो त्याच बिंदूवर परत आल्यावर त्याची उंची काही मिलिमीटरने वेगळी निघते. उन्हाने, वाऱ्याने, स्टाफ किंचित कलल्याने, डोळ्याने फरक पडतोच. किती फरक चालेल याची मर्यादा कामाप्रमाणे ठरलेली असते. मर्यादेत असेल तर तो सर्व बिंदूंवर रीतसर वाटून द्यायचा, नसेल तर उन्हात पुन्हा जायचे. अनेक महाविद्यालयांत मात्र मुले मागच्या वर्षीच्या जर्नलवरून वाचने उतरवतात आणि फरक शून्य दाखवतात. शून्य फरक आला की समजावे, मोजणी झालेलीच नाही. हे मला मनापासून लागते. कारण पुढे हीच मुले गटाराचा उतार ठरवणार असतात. दर २०० मीटरला १ मीटर उतार म्हणजे १०० मीटरमध्ये फक्त अर्धा मीटर. त्यात १० सेंटिमीटरची चूक झाली तर सांडपाणी मध्येच तुंबते आणि ते वस्तीला वर्षानुवर्षे सोसावे लागते.

काँक्रीटच्या प्रयोगशाळेत आकड्याची हीच शिस्त वेगळ्या रूपात भेटते. १५० मिलिमीटर बाजूचे लोखंडी साचे असतात. त्यांत माल थराथराने भरून प्रत्येक थर सळईने कोचायचा, दुसऱ्या दिवशी ठोकळा साच्यातून काढून पाण्यात ठेवायचा आणि २८ दिवसांनी यंत्राखाली फोडायचा. एम-२० प्रतीच्या काँक्रीटचा ठोकळा दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन सोसतो. म्हणजे तळहातावर मावेल एवढ्या त्या तोंडावर ४५० किलोन्यूटन, सुमारे ४६ टन! ठोकळा फुटतो तेव्हा चारी बाजूंच्या कडा ढासळतात आणि वर-खाली दोन पिरॅमिड टोकाला टोक लावून उरतात. एखादा ठोकळा एकाच बाजूने तिरपा फुटला तर शिक्षकाने थांबून विचारले पाहिजे की तो यंत्रात नीट बसवला होता का.

याहून महत्त्वाची गोष्ट त्या २०च्या मागे दडलेली आहे. एकाच मिश्रणाचे ठोकळे कधीच सारखे फुटत नाहीत. म्हणून आयएस ४५६ या भारतीय मानकात २० याचा अर्थ असा ठरवला आहे की १००पैकी ५ पेक्षा जास्त निकाल या आकड्याखाली जाता कामा नयेत. ते साधायचे तर सरासरी २० ठेवून भागत नाही. चांगल्या देखरेखीखाली एम-२० साठी विचलन ४ धरतात, त्याला १.६५ने गुणून २०मध्ये मिळवतात, आणि मिश्रण २६.६ चे लक्ष्य ठेवून ठरवतात. देखरेख ढिली असेल तर विचलन वाढते, लक्ष्य वाढते, सिमेंटही जास्त लागते. म्हणजे निष्काळजीपणाची किंमत सिमेंटच्या पोत्यांत मोजता येते.

डफ एब्रॅम्स या अमेरिकी संशोधकाने १९१८ मध्ये दाखवून दिले की काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर पाणी असेल तर प्रमाण ०.५. माल घट्ट वाटतो, नीट पसरत नाही, म्हणून कोणी १० लिटर आणखी ओतले की ते ०.७ होते. माल छान वाहतो, काम झटपट उरकते, आणि जास्तीचे पाणी पुढे उडून गेल्यावर मागे बारीक पोकळ्या राहतात. बांधकामावर तरुण इंजिनिअरची खरी परीक्षा मुकादमाच्या हातातल्या त्या बादलीपाशी होते.

पोलाद कारखान्यातून येते, काँक्रीट आपण ठरवून बनवतो, पण माती जशी आहे तशीच घ्यावी लागते. म्हणून मातीच्या प्रयोगशाळेत हात घाण करावे लागतात. ओली माती काचेवर तळहाताने वळून ३ मिलिमीटर जाडीची दोरी करायची. त्या जाडीला आल्यावर ती जेव्हा तुटू लागते, तेव्हा तिच्यात जेवढे पाणी असते ती तिची एक सीमा. दुसरी सीमा पितळी वाटीवर काढतात. वाटीत मातीचा लगदा, त्यात मधोमध चर, आणि दांडा फिरवून वाटी ठरावीक उंचीवरून आपटायची. २५ आपट्यांत तो चर मिटेल एवढे पाणी म्हणजे द्रवसीमा. या दोन सीमांतले अंतर जितके मोठे तितकी माती पाणी पिऊन फुगणारी. आपली काळी कापसाची जमीन यात पुढे असते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि तिच्यावर उथळ पायाने बांधलेल्या घराच्या भिंती तिरप्या तडकतात. तिच्याखाली मुरूम किंवा काळा खडक लागेपर्यंत खणणे, हे गवंड्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. किती खणायचे आणि खडक फार खोल असेल तर काय करायचे, हे गणित सांगते.

कार्ल टेर्झागी यांचा मृदायांत्रिकीवरचा पायाभूत ग्रंथ १९२५ मध्ये आला. त्यांची मुख्य कल्पना अशी की जमिनीवरचा भार मातीचे कण आणि त्यांच्या फटींतले पाणी दोघे मिळून उचलतात, पण घसरणे फक्त कणांमधल्या घर्षणाने थांबते. फटींतल्या पाण्याचा दाब वाढला की कण एकमेकांवर कमी दाबले जातात आणि घर्षण उतरते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव मुसळधार पावसात डोंगराखाली गाडले गेले. अशा उतारांवर पाणी मुरायला किती वाव आहे आणि ते बाहेर पडायला वाट आहे का, हा प्रश्न मृदायांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या धड्यातच येतो.

पाण्याच्या विषयांत विद्यार्थ्याला शक्यतेच्या भाषेशी जमवून घ्यावे लागते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शहराची जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने आखलेली होती, आणि त्यातलेही अर्धे पाणी जमिनीत मुरेल असे धरलेले. डांबर, काँक्रीट आणि फरशी पसरत गेली तसे ते गृहीतक खोटे ठरत गेले. त्यानंतर नव्या कामांसाठी तासाला ५० मिलिमीटरचे माप धरण्यात आले.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हे शब्द वर्तमानपत्रांत येतात आणि लोकांना वाटते, एकदा येऊन गेला म्हणजे आता नातवंडांच्या काळात पाहू. त्याचा अर्थ इतकाच की कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का आहे, यंदा येऊन गेला तरी पुढच्या वर्षी तेवढीच. एखादा पूल ५० वर्षे टिकायचा असेल तर त्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता जवळजवळ ४० टक्के निघते. हे गणित करायला कॅल्क्युलेटरवर अर्धा मिनिट लागतो. नदीकाठी घर घेणाऱ्या प्रत्येकाने ते करून पाहावे. पुण्याने १२ जुलै १९६१ला पानशेतचे अपुरे राहिलेले मातीचे धरण फुटताना आणि त्याच्या लोंढ्याने खडकवासला फुटताना पाहिले. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहू देता येत नाही, म्हणून जादा पाणी सोडणारा सांडवा धरणाइतकाच काळजीने आखावा लागतो. सांडव्याची रुंदी कशी काढतात हे शिकणाऱ्या पुण्याच्या मुलाला ते प्रकरण नुसते प्रकरण राहत नाही.

भूकंपाचा अभ्यास तर आपल्याच भूमीने शिकवला. दख्खनचे पठार स्थिर मानले जाई. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. १०३ मीटर उंचीच्या धरणाचे आरेखन करताना त्याच्या वजनाच्या ५ टक्के आडवे बल गृहीत धरले होते. प्रत्यक्षात धरणात नोंदला गेलेला हादरा त्याच्या कितीतरी पट निघाला. धरण उभे राहिले, पण उंच भागांत आडव्या भेगा गेल्या, आणि त्या नेमक्या तिथे, जिथे धरणाच्या खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो. आकार जिथे अचानक बदलतो तिथे ताण गोळा होतो, हे पुस्तकातले वाक्य कोयनेच्या भिंतीवर लिहिले गेले. पुढे त्या भागांना मागून धिरे बांधून बळकटी दिली आणि देशाचा भूकंप नकाशाही बदलला.

किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ रोजी घरेच मारेकरी ठरली. तिथल्या भिंती जाड होत्या, आणि जाड म्हणजे मजबूत असा सगळ्यांचा समज होता. प्रत्यक्षात भिंतीचे दोन थर असत, आतला आणि बाहेरचा, मध्ये दगडगोटे आणि माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसत. वर मातीचे जड माळवद. जमीन हलली की दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आले. जितके वजन जास्त, तितके भूकंपात येणारे आडवे बल जास्त. तेच दगड वापरून, ठरावीक अंतरावर आरपार दगड आणि दारे-खिडक्यांच्या वर सर्व भिंतींवरून फिरणारा एक सलग पट्टा दिला असता तर पुष्कळ जीव वाचले असते. हे ज्ञान महाग नाही. ते गावोगावच्या गवंड्यापर्यंत पोहोचवणे हाही सिव्हिल इंजिनिअरचा धर्म आहे, आणि अभ्यासक्रमात त्याला एकही गुण नाही.

बाकीच्या विषयांचा नुसता उल्लेख करतो. रस्त्यांच्या अभ्यासात वळणावर बाहेरची कड किती उचलायची हे वेग आणि वळणाच्या त्रिज्येवरून काढतात. पाणीपुरवठ्यात तुरटीचा डोस एका रांगेतल्या काचपात्रांत वेगवेगळा घालून ठरवतात. अंदाजपत्रकात प्रत्येक कामाची लांबी, रुंदी, उंची मांडून शासनाच्या दरसूचीने गुणतात. हा शेवटचा विषय मुले रटाळ म्हणून टाळतात. सरकारी कामात मात्र पैसा मापनपुस्तिकेतल्या नोंदीवर सुटतो. न केलेले काम तिथे लिहिले गेले की पुढची सगळी तपासणी त्या खोट्या ओळीवर उभी राहते.

या पदवीत एक मोठी उणीव आहे. चारही वर्षे नवे कसे बांधावे हे शिकवले जाते, उभे असलेले कसे जपावे हे फारसे नाही. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातला दगडी कमानीचा पूल पुरात वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्यांसह त्यावरची वाहने नदीत गेली. आपल्याकडे असे जुने पूल, जुन्या टाक्या, जुन्या चाळी पुष्कळ आहेत. पुढच्या पिढीचे बरेच काम तेच असणार आहे.

मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना संरचनात्मक तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तिचा अहवाल सोसायटीच्या सभेत येतो आणि बहुतेकदा चर्चा खर्चावरच संपते. अहवाल हाती आला की निदान इतके पाहावे. काँक्रीटवर नुसता हातोडा मारून वाचन घेतले की ध्वनिलहरी आरपार पाठवून आतल्या पोकळ्याही शोधल्या? खांबाचे नमुने काढून फोडले का? ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडले का? चांगले काँक्रीट त्याने गडद गुलाबी होते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ज्याचा अल्कधर्म गेला ते बिनरंगाचे राहते. तो बिनरंगाचा पट्टा सळईपर्यंत पोहोचला असेल तर सळईचे संरक्षण संपले, ओल मिळेल तिथे ती गंजणार, फुगणार आणि वरचे काँक्रीट उडवून लावणार. हा पट्टा किती मिलिमीटर खोल गेला आणि सळई किती खोल आहे, हे दोन आकडे अहवालात खांबागणिक दिलेले असायला हवेत. नसतील तर सभेत ते मागून घ्यावेत आणि दुरुस्तीचा ठेका त्यानंतरच ठरवावा.